विझर्डला हात लावण्याआधी दिवसाचा हिशोब करा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन कथेत खेळायच्या खेळात तुमच्या गटातला विझर्ड बाकीच्या जादूवाल्यांना झाकून टाकतो, तर तोल कसा साधायचा, असा तुमचा प्रश्न आहे. आधी थेट उत्तर देतो. विझर्डचं काहीही काढून घेऊ नका. वॉरलॉकला जादा स्लॉट (एक स्लॉट म्हणजे एक स्पेल, म्हणजे मंत्र, टाकण्याची संधी) देऊ नका, त्याला शॉर्ट रेस्ट (लढायांमधली छोटी विश्रांती) मिळवून द्या. सॉर्सररला मात्र स्पेल वाढवून द्या, पण त्याच्या कुळाच्या कहाणीशी जुळणारे. का, ते खाली सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेली परिस्थिती अशी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम. चार खेळाडू, चौघेही लेव्हल ७ वर आणि चौघांचेही क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, जादूवाले: विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, क्लेरिक. खेळातल्या एका दिवसात बहुतेक वेळा एकच मोठी लढाई होते. सॉर्सररच्या खेळाडूला वाटतं की आपण विझर्डची अपुरी आवृत्ती आहोत. वॉरलॉकचा खेळाडू दोन स्पेल टाकतो आणि लढाई संपेपर्यंत स्लॉट न लागणारा एल्ड्रिच ब्लास्ट मारत राहतो. क्लेरिकबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

या दोन तक्रारी एकाच टेबलावरून आल्या म्हणून त्यांचं कारणही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. वॉरलॉकचं दुखणं दिवसाच्या रचनेत आहे आणि सॉर्सररचं त्याच्या स्पेलच्या यादीत. दोघांना एकच औषध दिलंत, तर एक बरा होईल आणि दुसऱ्याचं काहीच बदलणार नाही.

वॉरलॉकचा हिशोब आधी करू, कारण तो आकड्यांत स्पष्ट दिसतो. (लेव्हल पात्राची, पातळी स्पेलची आणि स्लॉटची.) लेव्हल ७ च्या विझर्डकडे पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३, तिसऱ्या पातळीचे ३ आणि चौथ्या पातळीचा १ असे ११ स्लॉट असतात. प्रत्येक स्लॉटला त्याच्या पातळीइतके गुण दिले, तर बेरीज २३ होते. आर्केन रिकव्हरी या त्याच्या क्षमतेतून दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्ट घेतली तर, आणखी ४ गुण परत येतात, म्हणजे एकूण २७. वॉरलॉककडे चौथ्या पातळीचे फक्त २ स्लॉट, म्हणजे ८ गुण. तुमच्या पद्धतीच्या दिवसात शॉर्ट रेस्टच नसते, म्हणून सामना २३ विरुद्ध ८ असा आहे. असं असताना त्या खेळाडूला कंटाळा आला नसता तरच नवल.

आता त्याच दिवसात दोन शॉर्ट रेस्ट घाला. वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट प्रत्येक वेळी भरून येतात. दिवसभरात चौथ्या पातळीचे ६ स्पेल, म्हणजे २४ गुण. विझर्डला त्या पातळीचा स्पेल दिवसातून एकदा टाकता येतो, आणि आर्केन रिकव्हरीचे सगळे गुण त्यावरच खर्च केले तर दोनदा. एका साध्या बदलाने वॉरलॉक गटातला सगळ्यात जास्त वेळा मोठा स्पेल टाकणारा माणूस होतो, आणि त्यासाठी त्याच्या क्लासमधलं एक अक्षरही बदलावं लागलेलं नाही. या क्लासचं गणित मुळातच त्या दोन विश्रांती गृहीत धरून मांडलेलं आहे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये मध्यम किंवा कठीण दर्जाच्या सहा ते आठ चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट असा दिवस धरला होता. सहा-आठ चकमकी फार कमी टेबलांवर होतात, हे मान्य. पण सहाच्या जागी एक आली की सगळ्यात आधी वॉरलॉक कोलमडतो, कारण त्याची कमाई विश्रांतीवर आहे आणि बाकीच्यांची झोपेवर.

स्लॉट वाढवण्याला माझा विरोध याच कारणासाठी आहे. आज तुम्ही २ चे ४ केलेत आणि पुढच्या महिन्यात कथा एखाद्या किल्ल्यात शिरली, जिथे दिवसात चार चकमकी आणि मध्ये दोन विश्रांती आहेत, तर तुमचा वॉरलॉक चौथ्या पातळीचे १२ स्पेल टाकेल. मग ते स्लॉट परत काढून घ्यायचे म्हणजे खेळाडूच्या हातातलं काढून घेणं आलं, आणि ते कोणालाच आवडत नाही.

शॉर्ट रेस्ट होत का नाही, हेही बघा. नियमाप्रमाणे ती एक तासाची असते. तुमच्या गटात विझर्डला दिवसातून एकदाच तिचा खास उपयोग आहे, सॉर्सररला लेव्हल २० येईपर्यंत जवळजवळ नाही, आणि क्लेरिकचं चॅनल डिव्हिनिटी (देवाकडून मिळालेली खास शक्ती) तेवढं भरून येतं. म्हणून मतदान होतं तेव्हा गट म्हणतो, ‘आता झोपूनच घेऊ.’ वॉरलॉक एकटा पडतो. इथे डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हस्तक्षेप करायला हवा. मी शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची करतो आणि दिवसाला जास्तीत जास्त दोनच देतो. कथेत दहा मिनिटं कुठेही मिळतात: दार अडवून, तळघरात लपून, जखमा बांधता बांधता. दोनची मर्यादा असल्यामुळे गैरवापर होत नाही.

दुसरा नियम अनेक टेबलांवर विसरला जातो: २४ तासांत लाँग रेस्टचा, म्हणजे सगळे स्लॉट भरून देणाऱ्या मोठ्या झोपेचा, फायदा एकदाच मिळतो. सकाळी उठून दहा वाजता लढाई झाली आणि अकरा वाजता गट पुन्हा झोपायला निघाला, तर ती झोप मोजायची नाही. नवीन काही शोधून काढण्याआधी हा नियम काटेकोर पाळून बघा. तेवढ्याने बराच फरक पडतो.

आणि एक दिवस म्हणजे एक सेशन, हे समीकरण सोडून द्या. माझ्या मते तुमची खरी अडचण इथेच आहे. सेशन संपलं की सगळे भरलेले स्लॉट घेऊन पुढच्या वेळी येतात, असा प्रघात नकळत पडतो. खेळातला एक दिवस तीन सेशन चालू दे. उरलेले स्लॉट कॅरॅक्टर शीटवर लिहून ठेवायला सांगा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. शिवाय एक मोठी लढाई आखलीत की ती तीन भागांत वाटा: चौकीवरचे पहारेकरी, अंगणातली झटापट, दालनातला शेवटचा सामना. शत्रू तेवढेच, तुमची तयारीही तेवढीच, पण विझर्डला पहिल्यांदाच प्रश्न पडतो की फायरबॉल आता टाकावा की राखून ठेवावा. एका लढाईच्या दिवसात हा प्रश्नच येत नाही. चार फेऱ्यांची लढाई असेल तर तो चार फेऱ्यांत आपले चार सगळ्यात मोठे स्पेल टाकतो, आणि खालच्या पातळीचे स्लॉट शील्ड या बचावाच्या स्पेलसाठी मोकळे राहतात. तो बलाढ्य वाटतो, कारण त्याला काटकसर करायची वेळच येत नाही.

तुमची कथा प्रवासाची किंवा दरबारी राजकारणाची असेल आणि एका दिवसात तीन चकमकी ओढूनताणून वाटत असतील, तर डंजन मास्टर्स गाइडमधला ग्रिटी रिअलिझमचा पर्याय आहे. त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. एका आठवड्याच्या प्रवासात तीन चकमकी सहज बसतात. पण मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल त्यात फारच दुबळे होतात, म्हणून तसे स्पेल किती टिकतील हे आधीच ठरवून घ्या.

विझर्डकडे टायनी हट हा स्पेल असेल तर तो कुठेही आठ तासांचा सुरक्षित घुमट उभारतो, तोही रिच्युअल म्हणून, एकही स्लॉट न घालवता. त्यावर बंदी घालू नका. घुमट जागचा हलत नाही आणि जग मात्र हलतं. आठ तासांत कैदी दुसरीकडे नेले जातात, विधी पूर्ण होतो, बाहेर माणसं जमतात. वेळेला किंमत असली की रिच्युअलही फुकट राहत नाहीत.

आता सॉर्सरर. त्याची गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे, कारण त्याच्यावर खरोखर अन्याय झाला होता, आणि तो कसा झाला हे समजलं की उपायही सापडतो. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत हा क्लास प्लेयर्स हँडबुकमध्ये आला. तेव्हा विझर्डला प्रत्येक स्लॉटमध्ये कोणता स्पेल बसवायचा हे सकाळीच ठरवावं लागे. दोनदा फायरबॉल हवा असेल तर दोन स्लॉटमध्ये तो दोनदा भरायचा, आणि न लागलेला स्पेल वाया. सॉर्सररला थोडेच स्पेल येत, नव्या पातळीचे स्पेलही विझर्डपेक्षा एक लेव्हल उशिरा मिळत, पण जो येतो तो हवा तेव्हा आणि हवा तितक्यांदा टाकता येई, शिवाय स्लॉटही जास्त होते. थोडी निवड आणि पूर्ण मोकळीक, असा तो सौदा होता, आणि न्याय्य होता.

पाचव्या आवृत्तीने ती मोकळीक सगळ्यांनाच दिली. आता विझर्ड स्पेल तयार करतो आणि कोणताही तयार स्पेल कोणत्याही योग्य स्लॉटमधून टाकतो. सॉर्सररचं वैशिष्ट्य गेलं, थोड्या स्पेलची अट मात्र राहिली. भरपाई म्हणून मेटामॅजिक, म्हणजे टाकता टाकता स्पेलला वेगळं वळण देण्याची कला, त्याच्या एकट्याच्या हाती दिलं. ती भरपाई किती पुरते ते बघा. ते सॉर्सरी पॉइंटांवर चालतं, आणि लेव्हल ७ ला त्याच्याकडे असे ७ पॉइंट असतात. त्यांचे स्लॉट केले तर ५ पॉइंटांचा तिसऱ्या पातळीचा एक आणि २ पॉइंटांचा पहिल्या पातळीचा एक, म्हणजे ४ गुण. विझर्डला आर्केन रिकव्हरीतून नेमके तेवढेच मिळतात. विझर्डला जे एका शॉर्ट रेस्टमध्ये मिळतं, त्यासाठी सॉर्सररला दिवसाचं सगळं मेटामॅजिक मोडावं लागतं. म्हणून त्या खेळाडूला सांगा की पॉइंटांचे स्लॉट करण्याच्या फंदात शक्यतो पडू नकोस.

स्पेलच्या संख्येतली तफावत तर उघडच आहे. लेव्हल ७ च्या सॉर्सररला ८ स्पेल येतात, आणि लेव्हल वाढल्यावर त्यातला एक बदलता येतो. १८ इंटेलिजन्सचा विझर्ड ११ तयार करतो, तेही किमान १८ स्पेलच्या पुस्तकातून, आणि रोज बदलून. क्लेरिक ११ तयार करतो, शिवाय डोमेनचे (त्याच्या देवाच्या क्षेत्राचे) ८ आपोआप मिळतात, आणि निवड करायला क्लासची आख्खी यादी उघडी. सॉर्सररच्या खेळाडूला आपण अपुरे आहोत असं वाटतं, तो केवळ समज नाही, इथे आकडाही तेच सांगतो.

उपाय २०२० साली ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकातच आला. त्यातल्या अ‍ॅबरंट माइंड आणि क्लॉकवर्क सोल या दोन सॉर्सररांना आपापल्या विषयाचे जादा स्पेल मिळाले, तेही नेहमीच्या मोजणीबाहेर. जुन्या सॉर्सररांनाही तसंच द्या: लेव्हल १, ३, ५, ७ आणि ९ ला दोन-दोन. लेव्हल ७ ला ८ जादा, म्हणजे एकूण १६. ड्रॅगनचं रक्त असलेला सॉर्सरर असेल तर नव्याने यादी बनवायचीही गरज नाही. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये त्याला या टप्प्यापर्यंत ऑल्टर सेल्फ, क्रोमॅटिक ऑर्ब, कमांड, ड्रॅगन्स ब्रेथ, फिअर, फ्लाय, आर्केन आय आणि चार्म मॉन्स्टर असे आठ दिले आहेत. तेच उचला. हे १६ स्पेल विझर्डला मागे टाकणार नाहीत, कारण ते विझर्डसारखे रोज बदलता येत नाहीत. त्याच्या कुळाच्या कहाणीशी जुळणारे असले की खेळाडूही ते जास्त मनापासून वापरतो.

संख्येपलीकडे एक गोष्ट आहे जी डीएमच्याच हातात असते. पूर्ण जादूवाल्या क्लासमध्ये कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये (अंगाच्या काटकपणावर फासा टाकून बचाव करण्यात) तरबेज असतो तो एकटा सॉर्सरर. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेलवरचं लक्ष, मार बसल्यावर टिकवायला हाच सेव्ह लागतो. दोघांचं कॉन्स्टिट्यूशन १४ धरा आणि साधा, १० चा सेव्ह धरा. सॉर्सररचा बोनस ५, म्हणून तो शंभरातल्या २० वेळा चुकतो. विझर्डचा बोनस २, म्हणून तो ३५ वेळा. पण शत्रू जर कॉन्सन्ट्रेशन धरलेल्या माणसावर हल्लाच करत नसतील, तर हा फायदा कागदावरच राहतो. तुमचे शत्रू पुढे उभ्या असलेल्या क्लेरिकवरच तुटून पडत असतील, तर मागच्या दोघांतला फरक तुम्हीच पुसून टाकताय. धनुर्धारी ठेवा, मागून येणारे ठेवा. शहाणा शत्रू हिप्नॉटिक पॅटर्न धरून ठेवणाऱ्यालाच आधी गाठतो.

मेटामॅजिकलाही जागा हवी. त्यातला सटल स्पेल हा माझ्या अनुभवात सगळ्यात कमी लेखला जाणारा पर्याय आहे. भर दरबारात, ओठ न हलवता आणि हात न उचलता स्पेल टाकणं विझर्डला जमतच नाही. शत्रूकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) असला तरी त्याला काही टाकलं जातंय हे दिसतच नाही, म्हणून तो रोखू शकत नाही. तुमच्या कथेत दरबार, चौकशी, वाटाघाटी नसतील तर हा पर्याय घेणारा खेळाडू मूर्ख ठरतो, आणि असतील तर गटात त्याच्यासारखा कोणी नाही. ट्विन्ड स्पेलने चार पॉइंटांत एकच पॉलिमॉर्फ (प्राण्याचं रूप देणारा स्पेल) दोघांवर टाकता येतो, तोही एकाच कॉन्सन्ट्रेशनवर. हे गटाला एकदा दिसलं की ‘अपुरी आवृत्ती’ हा शब्द पुन्हा ऐकू येत नाही.

क्लेरिकबद्दल तक्रार का नाही, यावर जरूर विचार करा. ताकदीनेच मोजायचं तर त्याचाच नंबर आधी लागेल. त्याचा स्पिरिट गार्डियन्स हा स्पेल ३ड८ (आठ बाजूंचे तीन फासे) मारतो, सरासरी १३.५, आणि ते प्रत्येक शत्रूला प्रत्येक फेरीत. तीन फेऱ्या त्या घेऱ्यात अडकलेला आणि दरवेळी सेव्ह चुकलेला शत्रू ४० च्या आसपास घेतो. फायरबॉलचे ८ड६ म्हणजे सरासरी २८, एकदाच. चिलखत आणि बरं करणं वेगळंच. तरी कोणी कुरकुरत नाही, कारण तो करतो ते दुसरं कोणी करत नाही. भांडण होतं ते दोघं एकच काम करतात आणि एक ते जास्त वेळा करतो तेव्हा. म्हणून विझर्डच्या खेळाडूशी मोकळेपणाने बोला. फायरबॉल आणि हिप्नॉटिक पॅटर्न दोघांकडेही असतील तर त्यातला एक त्याने सॉर्सररसाठी सोडावा, आणि आपण रिच्युअल, भिंती, माहिती काढणारे स्पेल यांच्याकडे वळावं. विझर्डचं खरं वैभव त्याच्या पुस्तकात आहे, आणि चांगल्या खेळाडूला हे पटकन पटतं.

लुटीकडेही लक्ष द्या. विझर्डच्या यादीतला स्पेल असलेलं स्क्रोल सापडलं की तो पातळीमागे ५० सोन्याची नाणी आणि दोन तास खर्च करून तो स्पेल पुस्तकात उतरवायचा प्रयत्न करतो, आणि उतरला की तो कायमचा त्याचा. म्हणजे सगळ्या गटाला दिलेलं बक्षीस प्रत्यक्षात एकाच्याच क्लासची वाढ ठरतं. त्याच्या बरोबरीने वॉरलॉकला रॉड ऑफ द पॅक्ट कीपर मिळू दे, त्यातून दिवसाला एक स्लॉट परत येतो. सॉर्सररला ब्लडवेल व्हायल द्या; विश्रांतीत हिट डाइस (जखमा भरून काढायचे फासे) वापरले की दिवसातून एकदा ५ सॉर्सरी पॉइंट भरतात, आणि त्यालाही शॉर्ट रेस्टची ओढ लागते. मग मतदानात वॉरलॉक एकटा पडत नाही. नियम बदलण्यापेक्षा मी नेहमी वस्तू देणं पसंत करतो. ती कथेतून आलेली असते, खेळाडूने कमावलेली असते, आणि पुढे तोल बदलला तर लुटीतूनच सावरता येतो.

वॉरलॉकच्या इन्व्होकेशन्सही (त्याने निवडलेल्या खास क्षमता) कामाला लावा. लेव्हल ७ ला त्याच्याकडे चार असतात. मास्क ऑफ मेनी फेसेसने तो हवं तेव्हा वेश बदलतो, दिवसभर, एकही स्लॉट न घालवता. अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट ही इन्व्होकेशन आणि १८ कॅरिझ्मा असेल तर एल्ड्रिच ब्लास्टचे दोन किरण लागल्यावर सरासरी १९ मारतात. विझर्डचा फायर बोल्ट ११ वर थांबतो. तीन चकमकींच्या दिवसात हा फरक जाणवतो, एका लढाईत नाही.

पुढच्या लेव्हलसाठी एक सूचना. इथपर्यंत क्लासमधला तोल सांभाळता येतो; पुढे तोल बिघडवतात ते ठरावीक स्पेल. लेव्हल ९ ला वॉल ऑफ फोर्स येतो, ज्यावर सेव्हच नाही. लेव्हल १३ ला फोर्सकेज आणि सिम्युलॅक्रम. २०२४ च्या नियमांत फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लावलं आहे, आणि सिम्युलॅक्रमने केलेल्या प्रतिकृतीला पुन्हा सिम्युलॅक्रम टाकता येत नाही. जुने नियम चालू ठेवलेत तरी हे दोन बदल लेव्हल १३ च्या आधी घेऊन टाका आणि खेळाडूला तेव्हाच सांगा, त्याने तो स्पेल निवडल्यानंतर नको.

पूर्णपणे २०२४ च्या नियमांवर जावं का? जाऊ शकता. त्यात लेव्हल ७ ला सॉर्सरर आणि विझर्ड दोघेही ११ स्पेल तयार ठेवतात, आणि वॉरलॉकला मॅजिकल कनिंगमुळे दिवसातून एकदा एका मिनिटात निम्मे स्लॉट परत मिळतात. पण ट्विन्ड स्पेल तिथे बराच आकसला आहे, पॉलिमॉर्फ आता त्यातून दोघांवर टाकता येत नाही. तुमच्या सॉर्सररने तोच निवडला असेल, तर नियम बदलायच्या आधी त्याला विचारा. मी तुमच्या जागी असतो तर चालू मोहीम जुन्याच नियमांवर ठेवली असती, शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची केली असती, सॉर्सररला ते आठ स्पेल दिले असते, आणि पुढची मोठी लढाई तीन भागांत मोडून बघितली असती.